गाडी मिसिंग मारते, झटके देते, सुरूच होत नाही: पार्ट बदलण्याआधी इग्निशनचा बिघाड कसा शोधायचा

गेल्या जुलैत आईला माणगावहून पुण्याला आणत होते. विळे सोडून ताम्हिणीचा चढ लागला आणि गाडीने पहिला झटका दिला. मग दुसरा. पाय दाबला की पुढे जाण्याऐवजी गाडी थरथरायची. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला आणि एका वळणावर इंजिन बंद पडलं. वरून पाऊस, समोर धुकं, मागे एसटी. कशीबशी कडेला घेतली.

पुढचे सात आठवडे मी चार गॅरेजं फिरले. पहिल्या ठिकाणी बॅटरी बदलली. दुसऱ्या ठिकाणी इंजेक्टर साफ झाले आणि पेट्रोलचा पंप नवा बसला. तिसऱ्या ठिकाणी ‘ईसीएम गेलंय’, म्हणजे इंजिनचा संगणक गेलाय, म्हणून ३८ हजारांचा आकडा सांगितला. चौथ्या ठिकाणी एका वयस्क वायरमन काकांनी बोनेट उघडण्याआधी मला विचारलं, “ताई, झटके सीएनजीवर मारते का पेट्रोलवर? चढाला का सपाटीला? पावसात जास्त का कोरड्यातही?” मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. काकांनी तासाभरात दाखवून दिलं की तीनपैकी एक कॉइल खराब आहे. कॉइल आणि तीन प्लग मिळून तीन हजारांच्या आत काम झालं.

हे सगळं मला आधी माहीत असतं तर आईचे घाटातले दोन तास वाचले असते आणि माझे बरेच पैसेही. ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतली आहे, विशेषतः जुनी घेतली आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना लागू आहे. डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटतं, त्यामुळे डिझेलवाल्यांना यातल्या किल्ली, बॅटरी आणि पाण्याच्या भागाचाच उपयोग होईल.

आधी एवढं समजून घ्या

बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या फटीतून उडी मारू शकत नाहीत. ते काम इग्निशन कॉइल करते. १२ व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते, साधारण २० ते ४० हजार. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडावी लागते. त्यातल्या काही चुकल्या की आपण म्हणतो गाडी मिसिंग मारते.

आता काकांचे प्रश्न आठवा. चढाला पाय दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो. दाब जितका जास्त, तितका ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतो. सपाटीवर जेमतेम भागवणारी कॉइल म्हणूनच घाटात उघडी पडते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे प्लग झिजले की झटके आधी सीएनजीवर जाणवतात. पावसाळ्यात कॉइलच्या रबरी नळीला बारीक चीर असेल तर ओलाव्यातून करंट बाहेरच्या बाहेर पळतो. ‘कधी’ या प्रश्नाच्या उत्तरात अर्धा बिघाड सापडतो, तो असा.

जवळ काय ठेवायचं

- साधा डिजिटल मल्टिमीटर
- गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अडॅप्टर (दुकानात ‘ईएलएम ३२७’ म्हणून मागतात) आणि मोबाईलवर त्याचं एखादं फुकट अॅप
- प्लगचा पाना, लांब एक्स्टेन्शनसकट. बऱ्याच गाड्यांना १६ मिमीचा लागतो, काहींना १४ चा. घेण्याआधी आपल्या गाडीचं पुस्तक पाहा
- १० मिमीचा सॉकेट, कॉइलच्या बोल्टसाठी
- टॉर्च, हातमोजे, कोरडं सुती फडकं
- परावर्तक त्रिकोण. हा गाडीबरोबर मिळतो, पण जुनी गाडी घेतलीत तर डिकीत तो खरंच आहे का ते आजच बघा

कागदपत्रांचं शेवटच्या भागात सांगते.

१. इंजिन चालत्या गाडीत बंद पडलं तर

इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंतच मऊ राहतो. म्हणून ब्रेक पंप करू नका. एकदाच, सलग, जोर लावून दाबा. जड स्टिअरिंग वळतं, फक्त ताकद लागते. गाडी चालती असताना किल्ली शेवटपर्यंत मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

थांबल्यावर चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा. घाटात तो वळणाच्या अलीकडे हवा. वळणानंतर ठेवला तर मागच्याला दिसेपर्यंत तो तुमच्यावर आलेला असतो. माणसांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ आणि कुठेही असाल तर ११२ हे क्रमांक लक्षात ठेवा.

२. सेल्फ मारा आणि कान द्या

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. गाडी सुरू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहतात. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नको आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. आता नीट ऐका.

काहीच आवाज नाही, दिवेही मंद: बॅटरी किंवा तिची टर्मिनलं.

नुसतं टक-टक-टक: पुन्हा बॅटरी किंवा सेल्फ मोटर. अजून इग्निशनवर शंका घेऊ नका.

दिवे लख्ख, पण सेल्फ मारला की शांतता: किल्लीचा स्विच, सेल्फचा रिले किंवा क्लच आणि गिअरचा सुरक्षा स्विच. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ‘पी’वरून ‘एन’वर टाकून पाहा.

सेल्फ नेहमीसारखा खणखणीत फिरतो, पण इंजिन पकडत नाही: इथून आपला विषय सुरू होतो. ठिणगी नाही, पेट्रोल नाही किंवा इमोबिलायझरने, म्हणजे किल्ली ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने, अडवलं आहे.

सुरू होते, पण फडफडते, झटके देते, पिकअप घेत नाही: एखाददुसरा सिलिंडर काम करत नाही. थेट पाचव्या पायरीवर जा.

खूप वेळा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर प्लग भिजलेत असं समजा. दहा मिनिटं थांबा. मग इंजेक्शनच्या गाडीत अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांचा संगणक अशा वेळी पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर वाळतात.

३. किल्ली आणि तिचा स्विच

डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहा. घरातली जादा किल्ली वर्षानुवर्षं कपाटात पडून असते. ती चालते की नाही हे अडचण येण्याआधी एकदा तपासा. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट स्टार्टच्या बटणाला अगदी टेकवून तेच बटण दाबा. काही गाड्यांत त्यासाठी ठरलेली वेगळी जागा असते, ती पुस्तकात दाखवलेली असते.

किल्ली हलवली की दिवे जातात-येतात, रेडिओ बंद पडतो, खड्ड्यात इंजिन क्षणभर मरतं, अशी लक्षणं दिसली तर स्विच झिजला आहे. हा बिघाड ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणून सोडू नका. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ मध्ये शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा सुमारे २६ लाख छोट्या गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. त्यांच्या इग्निशन स्विचमधली पकड सैल होती. जड जुडगा लटकत असेल किंवा धक्का बसला तर किल्ली चालत्या गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद आणि एअरबॅगही बंद. नुकसानभरपाई देणाऱ्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीला दुसरं काहीही लावू नका, असं कंपनीने त्या मालकांना सांगितलं होतं. आपल्याकडे घराच्या, दुकानाच्या, सोसायटीच्या किल्ल्या आणि वर पितळी गणपती असा जुडगा सर्रास असतो. गाडीची किल्ली आजच वेगळी करा.

४. बॅटरी मोजा, अंदाज करू नका

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. अशा बॅटरीवर कधी सेल्फ फिरतो, पण कॉइलला आणि संगणकाला पुरेसा व्होल्टेज उरत नाही, आणि आपण कॉइलला दोष देत बसतो. इंजिन सुरू झाल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं की अल्टरनेटर ठीक आहे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा आणि घट्ट आवळा. बॅटरीपासून इंजिनला आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही हलवून पाहा. माझी बॅटरी १२.५ दाखवत होती. तिसऱ्या दिवशी उधार आणलेल्या मीटरवर मला हे कळलं, तोवर नवीन बॅटरीचे पैसे देऊन झाले होते.

५. वहीत लिहा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोबाईलवर लिहिलं तरी चालेल. प्रत्येक झटक्याची नोंद करा: सकाळी थंड इंजिनला की अर्ध्या तासाने, चढ की सपाट, एसी चालू की बंद, पेट्रोल की सीएनजी, पाऊस होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, टाकी कुठे भरली, इंजिनचा दिवा स्थिर होता की लुकलुकत होता. चार-पाच नोंदी झाल्या की आकार दिसायला लागतो.

फक्त सीएनजीवर झटके, पेट्रोलवर गुळगुळीत: प्लग किंवा कॉइल, नाहीतर सीएनजीचा रेग्युलेटर, फिल्टर किंवा इंजेक्टर.

दोन्हीवर, पण फक्त चढाला: कॉइल किंवा प्लगवर पहिला संशय. झटके फक्त पेट्रोलवर असतील तर पेट्रोलचा दाबही तपासा.

फक्त ओलाव्यात: रबरी नळ्या, प्लगच्या वायरी, कनेक्टर.

अर्ध्या तासाने गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते: हे वेगळं प्रकरण आहे, नववी पायरी पाहा.

लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल एक ताकीद. दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आहे आणि तो आतून वितळू शकतो. कॉइलच्या कितीतरी पट त्याची किंमत असते. पाय हलका ठेवा, जवळची जागा पाहून थांबा.

६. कोड वाचा

एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर स्टिअरिंगखाली १६ खाचांचं सॉकेट सापडेल. अडॅप्टर लावा, किल्ली ऑन करा, अॅप जोडा.

पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही, इकडे तिकडे होतं आहे. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३५१, पी०३५२ हे त्या त्या कॉइलच्या सर्किटचे. पी०३३५ म्हणजे क्रँकचा सेन्सर. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर टायमिंगच्या, म्हणजे फॅनबेल्टच्या बाजूला असतो, तरी आपल्या गाडीचं खात्रीने विचारून घ्या.

इथला सापळा असा, की कोड म्हणजे निदान नाही. पी०३०२ सांगतो की दुसरा सिलिंडर नीट पेटत नाही. कॉइलमुळे, प्लगमुळे, इंजेक्टरमुळे, वायर तुटल्यामुळे की व्हॉल्व्ह गळतीमुळे, ते सांगत नाही. ‘स्कॅनरने कॉइल दाखवली’ असं कुणी म्हणालं तर कोडचा आकडा विचारा आणि लिहून घ्या. आणि कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. माझ्या पहिल्या दोन गॅरेजांनी कोड पुसून गाडी हातात दिली. दिवा गेला म्हणून मी खूश, आणि पुरावाही त्याबरोबर गेला.

७. कॉइलची अदलाबदल

या पायरीला पैसे लागत नाहीत आणि तिने जे सिद्ध होतं ते कुणाला नाकारता येत नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांना ती लागू आहे. अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्या अशाच आहेत.

इंजिन बंद, किल्ली बाहेर, इंजिन पूर्ण थंड. कोड आहे पी०३०२ असं धरू.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉइलचे कनेक्टर काढा. त्यांची प्लास्टिकची कडी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, अंगठ्याने दाबून हळूच ओढा. वायर धरून ओढू नका. १० मिमीचा बोल्ट काढा. कॉइल थोडी डावी-उजवी फिरवत सरळ वर घ्या. रबरी नळीवर पांढरट किंवा काळी बारीक रेघ दिसते का पाहा. ती रेघ म्हणजे करंट पळून गेल्याची वाट.

दोघींच्या जागा बदला, कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा, कोड पुसा आणि ज्या रस्त्यावर झटके येतात त्याच रस्त्यावर गाडी चालवा. मी सिंहगडाच्या पायथ्याचा चढ निवडला होता.

कोड आता पी०३०३ आला, तर बिघाड कॉइलबरोबर चालत गेला. कॉइल खराब, वाद संपला. पी०३०२ तिथेच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग दुसऱ्या-तिसऱ्याचे प्लग आपसात बदला आणि पुन्हा तेच करा. तरीही पी०३०२ हलला नाही, तर वायर, इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने जायचं. इथून पुढचं घरी जमण्यासारखं नाही, चांगल्या मेकॅनिककडे जा. पण आता तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही.

जुन्या पद्धतीने वायर काढून बोनेटला टेकवून ‘करंट येतो का’ बघू नका. चालू इंजिनवर कॉइलला हात लावू नका. धक्का तर जबर बसतोच, ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइल आणि संगणक दोन्ही जळू शकतात. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने या कामाच्या जवळपासही थांबू नये.

नवीन कॉइल घेताना जुनीवरचा पार्ट नंबर जुळवा. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या बिननावाच्या कॉइलच्या वाटेला जाऊ नका, वर्षभरात तुम्ही याच पायरीवर परत याल.

८. प्लग काढा आणि वाचा

प्लग काढण्याआधी त्याच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा. टायरवाल्याकडची हवा चालते. ती धूळ सिलिंडरमध्ये पडली तर वेगळंच दुखणं. इंजिन गरम असताना प्लग काढू नका, अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघून येतात.

टोकाचा रंग फिकट तपकिरी: सगळं ठीक. कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला, पेट्रोलचा वास: ठिणगीच पडत नाही. तेलकट काळा: इंजिन ऑइल आत येतं आहे. पांढराफटक, फोड आलेला: प्लग जास्त तापतो आहे.

प्लगच्या खड्ड्यातच ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं आहे. हे पॅकिंग स्वस्त असतं, पण ते न बदलता फक्त कॉइल बदलली तर नवी रबरी नळी त्याच ऑइलमध्ये भिजून फुगते.

साधा निकेलचा प्लग २० ते ३० हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा त्याच्या दोन-तीन पट. सीएनजीवर रोज पळणाऱ्या गाडीत याच्या आधीच बदलावे लागतात, आणि फट किती ठेवायची ते सीएनजीसाठी वेगळं दिलं असेल तर तेच पाळा. इरिडियमचं टोक तारेच्या ब्रशने घासू नका.

नवा प्लग बसवताना पाना लावण्याआधी तो हाताने फिरवा. त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवलं तर आटे चुकले की नळीच घसरते आणि नुकसान टळतं. हाताने टेकल्यावर, वायसरवाला नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, आणि निमुळत्या बुडाचा फक्त एक षोडशांश. जोर लावणारे आटे घालवतात.

९. गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू

क्रँकशाफ्टचा सेन्सर संगणकाला सांगतो की पिस्टन कुठे आहे. ते कळलं नाही तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. हा सेन्सर तापल्यावर आतून तुटतो आणि थंड झाल्यावर परत जुळतो, म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी ठणठणीत असते. कॉइलही असंच करू शकते. बंद पडल्या क्षणी अडॅप्टर लावून सेल्फ मारा आणि अॅपमध्ये आरपीएमचा काटा पाहा. सेल्फ फिरत असूनही तो शून्यावर चिकटला असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर.

१०. पाणी आणि उंदीर

पावसाळ्यात आपल्याकडे निम्म्या तक्रारी या दोघांच्या असतात असं माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मेकॅनिकचं म्हणणं आहे.

वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून प्रेशरने पाणी मारू देऊ नका. पाणी प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू होतं. झालंच असेल तर कॉइल काढा, फडक्याने टिपा, हवा मारा, पूर्ण वाळू द्या.

गाडी पाण्यात उभी होती आणि पाणी बोनेटपर्यंत चढलं होतं, तर काहीही झालं तरी सेल्फ मारू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विमा कंपनीला फोन करा, गाडी उचलून न्यायला सांगा. साध्या पॉलिसीत पाण्याने इंजिनचं झालेलं असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

उंदरांचं म्हणाल तर गरम इंजिनवर ते थंडी-पावसात घर करतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. दोन दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी बोनेट उघडून टॉर्च मारा. लेंड्या, कापूस, शेंगांची टरफलं दिसली की वायरी तपासा. कुरतडलेली वायर नुसती पिळून चिकटपट्टी लावली की पुढच्या पावसात तिथेच गंज धरतो. डाग देऊन वर आकसणारी नळी चढवून घ्या.

११. जुन्या गाड्यांचं थोडक्यात

पद्मिनी, अॅम्बॅसॅडर, कार्ब्युरेटरची मारुती ८००: यांच्यात एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर. टोपी काढा, आतून कोरडी पुसा, बारीक तडा आहे का पाहा, रोटर पाहा. जुन्या पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून, हात न लावता, लांबून पाहिलं तर गळक्या प्लगवायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात.

१२. गॅरेजमध्ये जाताना

सोबत ठेवा: आरसी, विम्याची पॉलिसी (रोडसाईड असिस्टन्स आहे का ते पाहून ठेवा, टोईंगचा खर्च वाचतो), वॉरंटीचं पुस्तक, आधीच्या सर्व्हिसची बिलं, कोडचे फोटो आणि तुमच्या नोंदी.

तोंडी ‘मिसिंग मारते’ एवढंच सांगू नका. जॉब कार्डवर लिहायला लावा: ‘चढाला, दोन्ही इंधनांवर झटके. कोड पी०३०२. कॉइल दोनवरून तीनवर नेल्यावर कोड पी०३०३.’ हे वाक्य लिहिलं गेलं की समोरच्या माणसाची बोलण्याची पद्धत बदलते. मला एकटी बाई पाहून ‘साहेबांना फोन लावा, त्यांना समजावतो’ म्हणणाऱ्यांचीही बदलली.

कोणताही पार्ट बदलण्याआधी विचारा, “हाच खराब आहे हे कशावरून ठरवलं?” चांगला मेकॅनिक या प्रश्नावर रागावत नाही, दाखवतो. संगणक बदला असं कुणी सांगितलं तर दुसरीकडे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. संगणक बिघडतात, पण कॉइल, प्लग, वायर, अर्थिंग आणि रिले या सगळ्यांनंतर त्यांचा नंबर लागतो. काढलेला पार्ट परत मागा आणि बिलावर पार्ट नंबर हवाच.

आपल्या मॉडेलला कंपनीने रिकॉल काढला आहे का, म्हणजे दोषामुळे त्या गाड्या परत बोलावल्या आहेत का, तेही बघा. चेसिस नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर शोधता येतं, आणि वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेच्या संकेतस्थळावरही रिकॉलची माहिती असते. रिकॉलमधली दुरुस्ती फुकट असते. सात वर्षांच्या आतल्या गाडीत बनावटीचा दोष वाटत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार केंद्राच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी आल्या की कंपनीला रिकॉलचा आदेश निघू शकतो, म्हणून एकट्याची तक्रारही नोंदवा.

गॅरेजने न केलेल्या कामाचे पैसे घेतले असतील तर आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. माझ्याकडे गाडीत बसवलेल्या पेट्रोलच्या पंपाचं बिल होतं आणि जुना पंपही मी मागून घेतला होता. वायरमन काकांनी तो बॅटरीला जोडून चालवून दाखवला. त्याचा व्हिडिओ पाठवल्यावर दुसऱ्या गॅरेजने पंपाचे पैसे परत केले.